प्रश्न न विचारणारी सीडी

धर्मराजचा सूड घ्यायचा असं मी ज्या क्षणी ठरवलं, त्या क्षणी माझ्या हातात माऊस होता आणि तो उलटा होता.

२००१ सालचा डिसेंबर होता. प्राथमिक शिक्षकांना कॉम्प्युटरची ओळख व्हावी म्हणून जालन्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. शिकवायला धर्मराज. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांच्या वर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. मला निवृत्तीला पाच महिने उरले होते. न जाता चाललं असतं, पण नवीन काही शिकायची संधी मी कधी सोडली नव्हती.

मी माऊस डावीकडे नेला की पडद्यावरचा बाण उजवीकडे पळायचा. धर्मराजने ते पाहिलं. त्याने येऊन माझं मनगट धरलं आणि माऊससकट हात वर उचलला.

"बघा, बघा! बद्रीनाथ गुरुजी! छत्तीस वर्षं खडू धरला, पण एक उंदीर धरवत न्हाई. आन् हे पोरं शिकवून राह्यले!"

चाळीस शिक्षक हसले. त्यातले सहा-सात जण माझ्याच वर्गात पाढे शिकलेले होते. ते जरा जास्त हसले.

ज्या पोराला वर्गात हसतात ते पोर धडा विसरतं आणि हसणाऱ्याला लक्षात ठेवतं. म्हणून चुकलेल्या मुलाला मी कधी सगळ्यांसमोर उभं केलं नाही. त्या दिवशी मी स्वतः सत्तावन्न वर्षांचं पोर होतो. धडा विसरलो. धर्मराजला लक्षात ठेवलं.

धर्मराज पुढे गेल्यावर मागच्या टेबलावरून एक मुलगी उठली. तिने माझ्या हातातला माऊस सरळ केला.

"शेपटी पुढं, गुरुजी. मला ओळखलं न्हाई का? मी बेबीनंदा. वडीगोद्रीची. तिसरीला तुम्ही होते आम्हाला."

ओळखलं. फळ्यावर गणित लिहून होण्याआधी उत्तर सांगणारी, आणि दुसऱ्या कुणी आधी सांगितलं तर रडणारी. आता ती तेवीस वर्षांची होती आणि धर्मराजच्या क्लासमध्ये नोकरीला होती.

तिसऱ्या दिवशी धर्मराजने एक प्रोग्रॅम दाखवला. शाळेच्या वार्षिक निकालाचा. मुलांची नावं आणि गुण भरले की बेरजा, टक्के, श्रेणी, पास-नापास सगळं आपोआप तयार, तेही मराठीत. ज्यांनी उभा एप्रिल महिना निकालपत्रकाच्या आडव्या-उभ्या बेरजा जुळवण्यात घालवलाय त्यांनाच कळेल, आम्हाला ते पाहून काय वाटलं. पहिल्याच पडद्यावर धर्मराजचा फोटो होता, फुलांच्या चौकटीत. खाली लिहिलेलं: निर्माता, धर्मराज सर.

मी बेबीनंदाकडे पाहिलं. तिसरीत असताना कुणी तिच्या आधी उत्तर सांगितलं की व्हायचा, तसाच तिचा चेहरा झाला होता. फक्त आता ती रडत नव्हती.

चहाच्या वेळी विचारलं. म्हणाली, "आठ महिने लागले, गुरुजी. सगळा मीच लिहिला. त्यानं फक्त पहिलं चित्र बदललं. ते वेगळ्या फायलीत असतंय, कुणालाबी बदलता येतंय."

दुपारी तिने सगळ्यांदेखत धर्मराजला विचारलं, कोपऱ्यात, बारीक अक्षरात का होईना, तिचं नाव टाकता येईल का.

"नाव?" धर्मराज आमच्याकडे वळून म्हणाला. "टायपिंग केलं हिनं. टायपिस्टचं नाव पुस्तकावर छापतेत का हो?"

पुन्हा चाळीस जण हसले. या वेळी हसू माझ्यावर नव्हतं, एवढाच काय तो फरक.

आठवडाभरात त्याने तिला काढून टाकलं. आणि वर सगळीकडे सांगत सुटला की पोरगी प्रोग्रॅमची चोरी करताना सापडली. जालन्यात तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास बोटावर मोजण्याएवढे. तिला कुणी दारात उभं करीना. वडीगोद्रीतही बाया तिच्या आईला विचारायला लागल्या, काय गं, काय चोरलं पोरीनं?

निवृत्त होऊन मी कुंभार पिंपळगावला घरी आलो. जून महिन्यात, बाजाराच्या दिवशी, बेबीनंदा आली. ओसरीवर बसली आणि पाणी हातात घेण्याआधीच म्हणाली, "गुरुजी, मला त्याचं वाटोळं करायचंय."

"आधी पाणी पी," मी म्हणालो. "मलाही करायचंय."

तिला वाटलं मी समजूत घालीन. तिने एका दमात पाणी संपवलं.

"मला सांग, त्याचं सगळं कशावर चालतं?"

"प्रोग्रॅमवर."

"प्रोग्रॅम तर तुझा आहे. त्याचं कशावर चालतं?"

तिने बराच वेळ विचार केला. मी उत्तर सुचवलं नाही. शेवटी म्हणाली, "सेटअपवर."

प्रोग्रॅम नुसता सीडीवर असून भागत नाही, तो कॉम्प्युटरात बसवावा लागतो. बसवण्याचं काम करतो तो सेटअप. धर्मराजचा सेटअप अकरा पडद्यांचा होता, सगळा इंग्रजीत. कुठे बसवू, कशाशी जोडू, हे ठेवू की ते, असे प्रश्न विचारायचा, आणि एक उत्तर चुकलं की सगळं बंद. म्हणून शाळाशाळांत धर्मराजचा माणूस मोटारसायकलवर जायचा. कॉम्प्युटर बिघडला, जागा बदलली, की पुन्हा तोच. तो येणार म्हटलं की मास्तर कोंबडी कापायचे आणि वर्ग सोडून त्याच्यामागे उभे राहायचे. मास्तरांना आपण अडाणी आहोत असं वाटत राहावं, यावरच तर त्याचं चाललं होतं.

"म्हणजे ज्या दिवशी त्याच्या माणसाची गरज संपली..." बेबीनंदा म्हणाली.

"त्या दिवशी तो संपला. प्रोग्रॅम तू पुन्हा लिहिशीलच. पण सेटअप असा कर, की तो कुणालाही बसवता आला पाहिजे. कुणालाही म्हणजे, शाळेत पाणी भरणाऱ्या सरदारबीला."

प्रोग्रॅम नव्याने लिहायला तिला चार महिने लागले. जागा दिली सिराजोद्दीनने. जुन्या जालन्यात त्याचं कव्वालीच्या कॅसेटी आणि सीडी विकायचं दुकान होतं. त्याच्याकडे एक कॉम्प्युटर होता, सीडी बनवायचं मशीनही. दुकान अकराला उघडायचं, तोपर्यंत कॉम्प्युटर आमचा. आम्ही कशासाठी आलोय हे पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बदला लेने का है? तो पहले चाय मंगाता. खाली पेट बदला बराबर न्हाई होता, गुरुजी."

सीडी कुठली बाजू वर करून घालायची हे लोकांना कळत नाही, हेही त्यानेच सांगितलं. मग आम्ही वरच्या बाजूला फळ्याचं चित्र चिकटवलं. फळा आपल्याकडे तोंड करूनच असतो, एवढं मास्तरांना कळतं.

बेबीनंदाचा पहिला सेटअप पाच पडद्यांचा झाला. सगळा मराठीत. तिला त्याचा भारी अभिमान होता. आम्ही तो पुंजारामला दिला. पुंजाराम हा माझा जुना सहकारी. गावाचं नाव सांगत नाही, कारण तो अजून नोकरीत आहे. नेमस्त माणूस, अक्षर मोत्यासारखं. मी बेबीनंदाला बजावलं होतं की शेजारी बसून सांगायचं नाही. पोहायला शिकवणारा पाण्यात उभा असला की पोर हात मारत नाही. सीडी दिली आणि आम्ही निघून आलो.

चौथ्या दिवशी गेलो. कॉम्प्युटर चालू होता, वर नॅपकिन टाकलेला. नॅपकिन काढला तर दुसऱ्याच पडद्यावर गाडी थांबलेली. पडद्यावर वापराच्या अटी होत्या आणि खाली दोन बटणं: मान्य आहे, मान्य नाही.

"पुंजाराम, हे काय? दाबलं का नाही?"

"कसं दाबू, गुरुजी? मी प्रभारी. मान्यता द्यायचा अधिकार मुख्याध्यापकाला. मुख्याध्यापक दीर्घ रजेवर. मंग मी केंद्रप्रमुखांना पत्र टाकलं." त्याने फाइल उघडून पत्राची स्थळप्रत दाखवली. 'विषय: संगणकाने विचारलेल्या प्रश्नास मान्यता मिळणेबाबत.' खाली, 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...'

"रोज अकरा वाजता लाइट जाती," पुंजाराम म्हणाला. "आली की मी परत चालू करून बराबर याच जागेवर आणून ठेवतो. मान्यता आली की लगेच दाबतो बघा."

परतीच्या बसमध्ये बेबीनंदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी तिला हसू दिलं. मग म्हणालो, "तो चुकला नाही. मीही छत्तीस वर्षं हेच केलं. आमच्या नोकरीत ज्याने सही केली तो अडकला, ज्याने नाही केली तो सुखाने निवृत्त झाला. तू मास्तरला विचारतेस, मान्य आहे का. अगं, मास्तरला हे आजवर कुणी विचारलंय? तो घाबरणारच."

तिने डोळे पुसले. घनसावंगी आलं. उतरताना म्हणाली, "मंग प्रश्नच न्हाई ठेवत. एकबी न्हाई."

महिन्याभराने नवा सेटअप तयार झाला. सीडी आत सरकवली की तो आपोआप सुरू व्हायचा. पडद्यावर एकच मोठं बटण: सुरू करा. ते दाबलं की पाटीचं चित्र यायचं, तिच्यावरची दहा घरं एकेक करून भरत जायची आणि शेवटी अक्षरं यायची: झालं. कुठे बसवायचं, कशाशी जोडायचं, मराठी अक्षरं कुठून आणायची, हे सगळं सेटअप स्वतःच बघून घ्यायचा. मी ते पाहिलं आणि मनात धर्मराजच्या माणसाची मोटारसायकल गंजताना पाहिली. फार बरं वाटलं.

आम्ही पुन्हा पुंजारामच्या शाळेत गेलो. सरदारबी तिथेच पाणी भरायची. साक्षरतेच्या वर्गात तिने माझ्याकडेच अक्षरं गिरवली होती. पदराला हात पुसून ती खुर्चीत बसली, फळ्याचं चित्र वर करून सीडी घातली, 'सु-रू क-रा' असं मोठ्याने वाचलं आणि बटण दाबलं. घरं भरत गेली. 'झा-लं.'

"बस, इत्ताच?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "मैं समझी कुछ मुश्किल होना है. इस के वास्ते तुम लोगां मुर्गी काटते थे?"

पुंजारामसकट आम्ही सगळे हसलो. मग पुंजारामने धर्मराजचा जुना प्रोग्रॅम उघडायला घेतला. त्यात दोनशे बारा मुलांचे पहिल्या सत्राचे गुण होते, ते पाहून नव्यात भरायचे होते.

जुना प्रोग्रॅम नव्हता. जिथे असायचा तिथे काहीच नव्हतं. त्याच्यासोबत गुणही गेले होते.

"मी हातबी न्हाई लावला, गुरुजी," पुंजाराम म्हणाला. सरदारबी खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभी राहिली. "मेरे हाथ से हुआ?" ती हळूच म्हणाली. "मैं तो एकच बटण दाबी." मघाशी कोंबडीवरून टोमणा मारणारी बाई ती. आता ती आपला हात पदराखाली लपवत होती.

मी बेबीनंदाकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होती. मला कळलं.

बाहेर आणून विचारलं. तिने लपवलं नाही. "मी टाकलं ते सेटअपमध्ये. धर्मराजचा प्रोग्रॅम दिसला की पुसून टाक, असं. प्रश्न न विचारता बसवता येतंय, तसं प्रश्न न विचारता पुसताबी येतंय. तालुक्यात जिथं जिथं माझी सीडी जाईल, तिथं तिथं तो मरंल. कुणाला कळणार न्हाई."

खरं सांगतो, मला ते आवडलं. क्षणभर का होईना, फार आवडलं. एकेका गावातून धर्मराज पुसला जातोय आणि त्याला कारण सापडत नाही, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणलं. मग खिडकीतून सरदारबी दिसली. अजून भिंतीलाच टेकलेली.

"सूड घेऊ नको असं मी म्हणत नाही," मी म्हणालो. "पण दगड धर्मराजला मारलास आणि लागला सरदारबीला. ती आता जन्मात कुठल्या बटणाला हात लावणार नाही. धर्मराजने मला जे केलं तेच तू तिला केलंस. नेम धरून मार, नाहीतर मारू नको."

मी तिला आत नेलं. तिने सरदारबीला आणि पुंजारामला सांगितलं की चूक तिची आहे, बटणाची नाही आणि बटण दाबणाऱ्याचीही नाही. पुंजारामकडे कागदावरची नोंद होती. मी शिक्षा दिली: दोनशे बारा मुलांचे सगळ्या विषयांचे गुण तिने स्वतः बसून भरायचे. पुंजाराम वाचणार, ती भरणार. सरदारबीने पाणी आणून द्यायचं आणि एकदाही 'बेटी, दम ले' म्हणायचं नाही.

दोन दिवस ती भरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, सातवीच्या गणितावर असताना तिचा हात थांबला.

"गुरुजी, हे मी उगीच भरून राह्यले. जुन्या फायलीतून सरळ उचलता आले असते. सेटअपनं पुसण्याऐवजी उचलायचे. मास्तरला परत एक आकडा भरायला नको."

"जुनी फाइल तुझ्या प्रोग्रॅमला उघडेल?"

"कुलूप मीच लावलंय ना तिला. एक शब्द आहे, तो सांगितला की उघडती."

"धर्मराजला तो शब्द माहीत आहे?"

"त्यानं कधी विचारलाच न्हाई. बसवून दिलं, चाललं, त्याला पुरे होतं."

मी पुंजारामला म्हणालो, "पुंजाराम, जरा बाहेर जाऊन घंटा दे." घंटेची वेळ झाली नव्हती, पण तो उठला. मग मी बेबीनंदाला सांगितलं की तो शब्द कुणाला सांगू नको. मलाही नको.

२००३ च्या फेब्रुवारीत तालुक्याच्या ठिकाणी मुख्याध्यापकांची बैठक लागली. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना निकालासाठी एकच प्रोग्रॅम द्यायचा होता. धर्मराजने अर्ज केला होता, बेबीनंदानेही केला. तिचा अर्ज पोचल्याचं कळताच धर्मराजने तक्रार टाकली की सदर इसमाने माझा प्रोग्रॅम चोरला आहे. गटशिक्षणाधिकारी साहेबांनी दोन्ही कागद एकाच फाइलला लावले. तक्रार खरी निघाली असती तर प्रोग्रॅम तर गेलाच असता, शिवाय चोर हा शब्द बेबीनंदाच्या नावापुढे सरकारी शाईने लागला असता. आईबरोबर ती सकाळच्या पहिल्या बसने आली. आई, सोनूबाई, बाहेर पायरीवर बसून राहिली. आत चल म्हटलं तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही हाव ना."

मी साहेबांना विनंती केली की दोन्ही प्रोग्रॅम अशा माणसाने बसवावेत ज्याने कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी कार्यालयातल्या भिवाला हाक मारली. भिवा वयस्कर शिपाई, चहाचे कप धुवायला गेला होता.

आधी धर्मराजची सीडी. भिवाने ती घातली. इंग्रजी पडदा आला, खाली दोन बटणं.

"साहेब, हे काहीतरी विचारून राह्यलंय."

"आय अ‍ॅग्री दाब," धर्मराज म्हणाला. "वरचं काही वाचायचं नसतंय."

भिवा खुर्चीत मागे सरकला. "न वाचता? साहेब, दाबू का?"

साहेबांनी चष्मा लावला. तीन पानं इंग्रजी मजकूर होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली, मध्येच सोडली. "हे कशाला मान्यता देतोय आपण?"

मागून कुणीतरी म्हणालं, "वर पत्र टाका, साहेब." हॉलभर हशा पिकला. धर्मराज तरातरा पुढे आला, भिवाला उठवलं आणि अकरा पडदे स्वतःच भराभर दाबून टाकले. मग प्रोग्रॅम उघडून नमुन्याची एक शाळा दाखवली. मुलांची नावं, गुण, सगळं भरलेलं. बरं दिसत होतं. दिसणारच, बेबीनंदाने लिहिलं होतं.

मग आमची सीडी. भिवाने फळा वर केला. बटणापाशी जरा थांबला, मग दाबलं. दहा घरं भरली. झालं. आणि त्याच्या खाली एक ओळ आली: 'जुन्या प्रोग्रॅममधले १८६ मुलांचे गुण आणले आहेत. जुना प्रोग्रॅम होता तसाच आहे.' भिवाने पुढचं बटण दाबलं तर धर्मराजच्या नमुन्याच्या शाळेची सगळी मुलं बेबीनंदाच्या प्रोग्रॅममध्ये ओळीने उभी.

धर्मराज उभा राहिला. "साहेब, हीच चोरी! डोळ्यासमोर बघा! माझ्या फायलीला कुलूप आहे. ज्यानं प्रोग्रॅम बनवला त्याच्याशिवाय ती फाइल कुणाच्या बापाला उघडता येत न्हाई!"

मी उठलो.

"धर्मराज सर, मला यातलं फार कळत नाही, म्हणून विचारतो. फायलीला कुलूप आहे?"

"आहे!"

"कुणी लावलं?"

"ज्यानं बनवला त्यानं."

"म्हणजे कुणी?"

"म्हणजे मी!"

"आणि किल्ली?"

त्याला आता वास आला. पण चाळीस मुख्याध्यापक बघत होते. "किल्ली म्हणजे एक शब्द असतो. तो असा चारचौघात सांगायचा नसतो."

"बरोबर," मी म्हणालो. "मग कागदावर लिहा. बेबीनंदाही लिहील. साहेब घडी उघडतील आणि स्वतः टाइप करतील. ज्याचा शब्द लागेल त्याची फाइल."

साहेबांना हे पटलं. दोघांना कागद दिले. बेबीनंदाने लगेच लिहिलं आणि घडी करून दिली. धर्मराज पेन घेऊन बसला. बऱ्याच वेळाने त्याने एक शब्द लिहिला. साहेबांनी टाइप केला. फाइल उघडली नाही. साहेबांनी तो मोठ्याने वाचला नाही, पण मी शेजारीच होतो. त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"चुकलं असेल, सर," मी म्हणालो. "आठवा. घाई नाही."

त्याने दुसरा लिहिला. क्लासचं नाव. नाही.

"सावकाश. पाणी घ्या."

तिसरा. चौथा. पाचव्याला तर त्याने नुसते आकडे लिहिले. अडलेल्या पोराला वेळ द्यायचा असतो, हे मी आयुष्यभर केलं. मुलाला उत्तर सापडावं म्हणून द्यायचो. त्या दिवशी मी तोच वेळ छडीसारखा वापरला. दर वेळी साहेब मान हलवायचे आणि दर वेळी मी म्हणायचो, "अजून एकदा, सर." कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं. दहा मिनिटांनी त्याने पेन टेबलावर ठेवलं.

साहेबांनी बेबीनंदाच्या कागदाची घडी उघडली. टाइप केलं. फाइल उघडली.

"हे कुणाचं नाव आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईचं," बेबीनंदा म्हणाली. "बाहेर पायरीवर बसलीय."

धर्मराज म्हणाला, "टायपिंग करता करता टाकलं असंल हिनं, मला न विचारता..."

"मग एक वर्ष तुमच्या प्रोग्रॅमची किल्ली तुमच्या टायपिस्टकडे होती, आणि तुम्हाला पत्ता नाही?" हे साहेबांनी विचारलं. मला तोंड उघडायची गरज पडली नाही. साहेबांनी लिपिकाला तिथल्या तिथे मजकूर सांगितला: सदर प्रोग्रॅमची निर्मिती बेबीनंदा यांनी केल्याचे सर्वांसमक्ष सिद्ध झाले, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. एक मुख्याध्यापक उठून बाहेर गेला आणि सोनूबाईला हाताला धरून आत घेऊन आला. काय झालंय हे तिला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. ती पदर डोक्यावर घेऊन नुसती मान हलवत होती.

मी व्हरांड्यात आलो तर धर्मराज चपला शोधत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं ते झालं, गुरुजी. पण पहिला शब्द चुकला तिथंच तुम्हाला थांबवता आलं असतं."

"आलं असतं," मी म्हणालो.

तो पायऱ्या उतरून गेला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी जरा वाट पाहिली. वाटलं नाही.

आत गेलो तर मुख्याध्यापक, सीडींची पिशवी घेऊन आमच्याबरोबर आलेल्या सिराजोद्दीनभोवती गर्दी करून सीडी मागत होते. बेबीनंदा त्या गर्दीत नव्हती. ती वही घेऊन कोपऱ्यात भिवापुढे बसली होती.

"काका, ते बटण दाबायच्या आधी तुम्ही थांबले होते. मी बघितलं. काय कळलं न्हाई तिथं?"

"कळलं की. हात वल्ले होते, पोरी. कप धुवून आल्तो ना. म्हणलं, करंट बसंल."

तिने तेही वहीत लिहून घेतलं.